गरमच्या नळात विसण कोण घालतंय?

गावाकडे विसण आपण हातानं घालतो. बंबातलं कढत पाणी बादलीत ओतायचं, वर दोन तांबे गार, हात बुडवून बघितलं की झालं. मुंबईच्या फ्लॅटमध्ये हे काम भिंतीवरचा मिक्सर करतो. तो बिघडला की विसण न मागता पडायला लागतं. गिझरचा दिवा लागतो, विझतो, तरी नळाला कोमटच पाणी. नाहीतर उलटं, गारचा नळ सोडला की आधी तांब्याभर ऊन पाणी. नवा भाडेकरू पहिला फोन गिझरवाल्याला करतो. तो कॉइल बदलून पैसे घेऊन जातो आणि पाणी होतं तसंच राहतं. त्याला बोलवायच्या आधी अर्धा तास काढा.

दोन गोष्टी दोष नसून दोषासारख्या दिसतात, त्या आधी बाजूला काढू. एप्रिल-मे महिन्यांत गच्चीवरची टाकी आणि बाहेरच्या भिंतीवरून उतरणारी डाउनटेक लाइन दिवसभर तापते, त्यामुळे दुपारी गारच्या नळालाही गरम पाणी येतं. पहाटे सहाला दोन मिनिटं नळ सोडून बघा. गार आलं तर काही बिघडलेलं नाही. दुसरं, किचनमधला तीन लिटरचा इन्स्टंट गिझर. 3 किलोवॅटची कॉइल मिनिटाला सहा लिटरच्या धारेला जेमतेम 7 अंश तापवते, त्यामुळे साठलेलं तीन लिटर संपलं की पाणी कोमट होणारच. धार बारीक करा, मिनिटाला दीड लिटरवर आणलीत की तोच गिझर 28 अंशांची भर घालतो. बाथरूमच्या 15 लिटर, 2 किलोवॅटच्या गिझरला 25 वरून 60 अंशांवर जायला 18-20 मिनिटं लागतात. तेवढा वेळ देऊनही दुसऱ्या मगला पाणी कोमट असेल, तर पुढची चाचणी करा.

गिझर पूर्ण तापू द्या आणि बटण बंद करा. गिझरखाली दोन तोंडं दिसतील. निळ्या रिंगच्या तोंडातून गार पाणी आत जातं, लाल रिंगच्या तोंडातून गरम बाहेर येतं. निळ्या बाजूच्या पाइपाचा अँगल कॉक, म्हणजे भिंतीपाशी असलेला छोटा व्हॉल्व्ह, बंद करा. आता घरातलं बाकी सगळं नेहमी असतं तसंच ठेवून एका ठिकाणचा फक्त गरमचा नळ उघडा. पाइपात उरलेलं पाणी काही सेकंद येईल, मग ठिबकेल, मग थांबेल. असं झालं तर मिक्सिंग, म्हणजे गार-गरम लाइनींची आतल्या आत भेसळ, नाही, गिझरवाल्याला खुशाल बोलवा. अर्ध्या मिनिटानंतरही धार चालू असेल तर तिच्याखाली हात धरा. गरम असेल तर तो अँगल कॉकच नीट बंद होत नाहीये. गार असेल तर घरात कुठंतरी गारची लाइन गरमच्या लाइनीत घुसते आहे, आणि ते गिझरमधून येणं शक्यच नाही.

कुठं, ते शोधायला दुसरी फेरी. प्रत्येक मिक्सरच्या मुठी पूर्ण बंद करा आणि पुन्हा तोच नळ बघा. आता धार थांबली तर दोष सवयीचा आहे. मुंबईच्या एवढ्याशा बाथरूममध्ये वॉशिंग मशीनची नळी मिक्सरच्या तोंडालाच लावलेली असते आणि दोन्ही मुठी दिवसभर उघड्या राहतात. मशीन आपला व्हॉल्व्ह बंद करतं, पण मिक्सरच्या पोटात गार आणि गरम एकमेकांना उघडे असतात. दुसरीकडे कोणी गरमचा नळ सोडला की त्या लाइनीतला दाब पडतो, कारण ते पाणी गिझर आणि बारीक पाइपांतून वाट काढत येतं. गारचं पाणी मग मिक्सरमधून आडवं घुसतं. हातातल्या बटणावर बंद होणारा शॉवर किंवा मिक्सरवरून घेतलेला जेट स्प्रे, दोघांची तीच तऱ्हा. मुठी बंद करायची सवय लावा. ते जमणार नसेल तर मिक्सरच्या गार आणि गरम, दोन्ही बाजूंना अर्ध्या इंचाचे एनआरव्ही, म्हणजे पाणी एकाच दिशेनं जाऊ देणारे व्हॉल्व्ह, बसवून घ्या. अंगावरचा बाण पाण्याच्या दिशेला हवा. उलटा लागला तर त्या बाजूनं पाणीच येणार नाही.

मुठी बंद करूनही धार चालू राहिली तर संशय सिंगल लिव्हरवर, म्हणजे एकाच दांड्यानं गार-गरम दोन्ही सोडणाऱ्या मिक्सरवर. दोन मुठींच्या मिक्सरचा वायसर गेला तर तो तोंडातून ठिबकतो, लगेच कळतं. सिंगल लिव्हरचं कार्ट्रिज (दांड्याखालची चकत्यांची झडप) आतल्या आत झिरपतं, बाहेर थेंब नाही. बेसिन आणि सिंकखालचा गरमचा अँगल कॉक एकेक करून बंद करा. ज्याच्या बंद करण्यानं धार थांबली, तो गुन्हेगार. टँकरचं किंवा बोअरचं पाणी असलेल्या बिल्डिंगमध्ये हे लवकर होतं, कारण त्यातला क्षार चकत्यांवर आणि रबरावर बसतो. तलावाचं पाणी त्या मानानं मऊ आहे.

कार्ट्रिज स्वतः बदलता येतं. दोन्ही अँगल कॉक बंद करायचे, लिव्हरवरची लाल-निळी टिकली नखानं उचकायची, आतला स्क्रू अ‍ॅलन कीनं सैल करायचा, मग घुमट आणि पितळी नट. जुनं कार्ट्रिज खिशात घालूनच हार्डवेअरच्या दुकानात जा. 35 आणि 40 मिलिमीटर हे दोन माप नेहमीचे, पण खालच्या खुंट्यांची जागा कंपनीगणिक वेगळी असते. बसवण्याआधी बैठक ओल्या फडक्यानं पुसा. रेतीचा एक कण राहिला तरी नवी रबर रिंग कापली जाते.

नवीन घरात पहिल्याच दिवशी त्रास असेल तर जोडणी बघा. गिझरचे पाइप उलटे लागले तर लक्षण ठरलेलं आहे. निळ्या तोंडावरच्या सेफ्टी व्हॉल्व्हमधून पाणी फक्त आत जातं, म्हणून गरमच्या नळाला थेंबही येत नाही. व्हॉल्व्ह नसेल तर पाणी येतं, पण थोडा वेळ ऊन आणि मग सगळं मिळमिळीत, कारण गार वरून पडतं आणि बाहेर खालचं जातं. आधीच्या भाडेकरूनं गिझर काढून नेला असेल तर भिंतीतले गार आणि गरमचे दोन पॉइंट एका कनेक्शन पाइपानं जोडून ठेवलेले सापडतील. तो लूप काढल्याशिवाय त्याच गरम लाइनीवर दुसरीकडे गिझर लावू नका. आणि कमोडच्या फ्लश टाकीला हात लावून बघा. ती कोमट लागली तर तिचं कनेक्शन गरमवरून आहे, दर फ्लशला वीज जाते आहे.

सेफ्टी व्हॉल्व्ह नसणं एरवीही वाईट. गच्चीवरची टाकी रिकामी झाली आणि खालच्या मजल्यावर कोणी नळ उघडला, की तुमच्या गिझरमधलं पाणी गारच्या लाइनीतून उलटं खाली ओढलं जाऊ शकतं. गारच्या नळाला अचानक कढत पाणी येणं ही त्याची खूण, आणि कोरड्या गिझरमध्ये कॉइल जळते. पाणी गेलेलं असताना गिझरचं बटण बंद ठेवा.

काही जुन्या बिल्डिंगमध्ये किचनला महापालिकेची थेट लाइन असते आणि बाथरूमला टाकीची. सिंकच्या मिक्सरमध्ये या दोन लाइनी एकत्र आल्या तर पाण्याच्या वेळेत थेट लाइनीचा दाब गरमच्या लाइनीत घुसतो, आणि एरवी गिझरचं पाणी पिण्याच्या लाइनीत जाऊ शकतं. तिथं एनआरव्हीवर भागवू नका, सिंकला साधा वेगळा नळ घ्या.

गॅस गिझर असेल तर मिक्सिंगनं त्याच्यातून जाणारं पाणी कमी होतं आणि तो पेटतच नाही, लोक बॅटऱ्या बदलत बसतात. मात्र तो बाथरूमच्या आत असेल तर हे सगळं नंतर, आधी तो बाहेर काढायला लावा. बंद बाथरूममध्ये कार्बन मोनॉक्साइडनं माणसं दगावली आहेत.

भिंत फोडावी लागणार असेल तर घरमालकाला मेसेज करून लेखी होकार घ्या, सोसायटीच्या ऑफिसला कळवा. गच्चीवरचा डाउनटेकचा व्हॉल्व्ह वॉचमनच्या मदतीनं बंद होतो, आणि त्यानं तुमच्याच रांगेतल्या सगळ्या मजल्यांचं पाणी जातं. म्हणून वेळ सकाळी अकराच्या पुढची धरा. दुपारी दोन ते चार ठोकाठोक बहुतेक सोसायट्यांत चालत नाही, तेवढ्यात प्लंबरला चहा पाजा.