यादवीनंतरचे मानवी हक्क: सोलापुरातून प्रबंध करताना

एमए किंवा एलएलएमला यादवीनंतरचे मानवी हक्क आणि त्यात प्रादेशिक संघटना व न्यायालयं काय करतात, हा विषय घेणारी मुलं बहुधा पहिल्याच पायरीवर अडकतात. विषय जगभर पसरवतात आणि शेवटी हाती काहीच लागत नाही. एक देश, एक शांतता करार, एक न्यायालय, बस. पुस्तकासाठी थांबू नका. मूळ कागदपत्रं नेटवर फुकट आहेत.

सुरुवातीला बोस्निया बरा. तिथली यादवी संपवणारा १९९५ चा डेटन करार काढा. त्याचं चौथं परिशिष्ट हीच त्या देशाची राज्यघटना. राष्ट्राध्यक्ष मंडळावर तिघेच: एक बोस्नियाक (म्हणजे बोस्नियातला मुस्लिम), एक सर्ब, एक क्रोएट. बाकी सगळे 'इतर'. याविरुद्ध दोन नागरिक न्यायालयात गेले: सेज्दिच रोमा समाजातले, फिंत्सी ज्यू. दोघांनाही या मंडळासाठी उभं राहता येईना. मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू एकाच पेठेत ऐकत वाढलेल्या सोलापूरच्या मुलाला या 'इतर' शब्दाची बोच लगेच कळते. २२ डिसेंबर २००९ रोजी स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयानं हा भेदभाव ठरवला.

निकाल 'हुडॉक'वर, म्हणजे या न्यायालयाच्या नेटवरच्या निकालसंग्रहात, मिळतो. आधी शेवटचा आदेश वाचा, मग घटनाक्रम, मग न्यायमूर्ती बोनेलो यांचं असहमतीचं मत. टिकलेली शांतता न्यायालयानं धोक्यात घालू नये, हा त्यांचा मुद्दा. तो पटो न पटो, उत्तर द्यावंच लागतं; प्रबंधाचा जीव तिथेच आहे. टिपणात पान नको, परिच्छेद क्रमांक लिहा.

निकालापाशी थांबू नका. दहा वर्षं उलटली तरी घटना बदलली नव्हती. अंमलबजावणी पाहते युरोप परिषदेची, म्हणजे हे न्यायालय ज्या संघटनेचं तिची, मंत्रिसमिती, पण घटना दुरुस्त करायची त्याच तीन गटांच्या पुढाऱ्यांनी. आणि युरोप परिषद म्हणजे युरोपीय संघ नव्हे. व्हायवात इथेच पकडतात.

आफ्रिका घेतलीत तर आधी दार कोणाला उघडं आहे ते तपासा. टांझानियात अरुशाला असलेल्या आफ्रिकी मानवी हक्क न्यायालयात सामान्य माणसाला थेट जायचं तर त्याच्या देशानं वेगळी घोषणा केलेली लागते. रवांडानं ती २०१६ मध्ये मागे घेतली. म्हणून नुसते खटले मोजून निष्कर्ष काढू नका. पश्चिम आफ्रिकी देशांच्या 'इकोवास' संघटनेच्या अबुजा (नायजेरिया) इथल्या न्यायालयात ही अट नाही, आधी देशातल्या कोर्टांचे सगळे मार्ग संपवायचीही गरज नाही.

श्रीलंका, नेपाळ जवळचे वाटतात, पण सार्ककडे मानवी हक्क न्यायालयच नाही. निर्णय एकमतानं, द्विपक्षीय आणि वादग्रस्त प्रश्न चर्चेबाहेर, असं सनदेचं दहावं कलम सांगतं. नेपाळात २००६ च्या शांतता करारानंतर शस्त्रांवर देखरेख करायला संयुक्त राष्ट्रांचं पथक आलं. तेव्हा शीर्षकात 'सार्कची भूमिका' लिहू नका, 'सार्कची अनुपस्थिती' लिहा आणि तिची कारणं शोधा.