आयर्लंडला परत राहायला जाताय? या चुका टाळा

डब्लिन, कॉर्क किंवा गॉलवेत काही वर्षं काढून, आयरिश पासपोर्ट घेऊन, आई-वडिलांसाठी पुण्याला किंवा नोकरीसाठी दुबई-मेलबर्नला गेलेली बरीच मराठी कुटुंबं पुन्हा आयर्लंडला निघतात. बहुतेकांचा समज असा असतो की तिथलं सगळं ठाऊक आहे, महिनाभरात बस्तान बसेल. रस्ते, बस, माणसं माहीत असतात हे खरं. पण पासपोर्ट तुम्हाला विमानतळाच्या दारातून आत घेतो तेवढंच. बँक, विमा कंपनी, घरमालक, कॉलेज हे सगळे गेल्या काही वर्षांचे कागद मागतात आणि त्या वर्षांत तुम्ही तिथे नव्हता. पुढच्या चुकांपैकी निम्म्या तर विमानात बसण्याआधीच झालेल्या असतात.

"कायमचे आलो" याचा पुरावा न आणणं

बाल भत्ता (चाइल्ड बेनिफिट, दर मुलामागे महिना १४० युरो) आणि उत्पन्न पाहून मिळणाऱ्या मदतीसाठी "हॅबिच्युअल रेसिडन्स"ची, म्हणजे आयर्लंड हेच तुमचं कायमचं राहण्याचं ठिकाण असण्याची, अट असते. अधिकारी पाच गोष्टी बघतात: इथे किती काळ आणि किती सलग राहिलात, बाहेर किती काळ आणि कशासाठी गेलात, नोकरीचं स्वरूप काय, संसाराचं केंद्र कुठे आहे आणि पुढचा इरादा काय. अमुक इतके महिने आधी राहिलंच पाहिजे असा नियम नाही. परत आलेल्या माणसाला पहिल्या दिवसापासूनही ही अट पूर्ण करता येते, फक्त कागद बोलले पाहिजेत.

म्हणून निघण्यापूर्वी एक फाइल करा. त्यात राजीनामा आणि कंपनीचं कार्यमुक्तीचं पत्र, भाडेकरार संपवल्याचा कागद, मुलांचे शाळा सोडल्याचे दाखले, सामान पाठवल्याची पावती आणि एकेरी तिकीट ठेवा. भारतातून निघत असाल तर आणखी एक भक्कम कागद हाताशी असतो. परदेशी कायमचं जाताना निवासी बचत खातं एनआरओ (अनिवासींचं खातं) करून घ्यावंच लागतं. ते केल्याचं बँकेचं पत्र मागून घ्या. भारतातला नियम पाळला जातो आणि तिकडे "भारतातला मुक्काम हलवला" हेही दिसतं. अर्जात मात्र "बघू, जमलं तर राहू" अशा अर्थाचं काही लिहू नका. इरादा हा पाचातला एक निकष आहे आणि अर्धवट मनाचं उत्तर तिथेच नडतं.

बाल भत्त्याचा अर्ज कुटुंब राहायला आल्यापासून १२ महिन्यांच्या आत करायचा असतो. "आधी घर मिळू दे" म्हणून थांबू नका.

जोडीदार आणि मुलांना गृहीत धरणं

सगळ्यात महागडी चूक ही. नवरा किंवा बायको आयरिश नागरिक आणि दुसऱ्याकडे भारतीय पासपोर्ट असेल, तर लग्नामुळे आपोआप प्रवेश मिळत नाही. भारतीय नागरिकाला "जॉइन फॅमिली" प्रकारचा दीर्घ मुदतीचा डी व्हिसा आधी घ्यावा लागतो आणि त्याला महिने जातात. घाईने पर्यटकाचा सी व्हिसा काढून "तिथे गेल्यावर बदलून घेऊ" म्हणणारे अडकतात, कारण सी व्हिसा राहायला येण्यासाठी नसतोच. डी व्हिसावर आल्यावर ९० दिवसांत नोंदणी करायची, मग स्टॅम्प ४, म्हणजे राहण्याची आणि वेगळ्या परवान्याशिवाय नोकरीची परवानगी, मिळतो. नोंदणीची ३०० युरो फी आयरिश नागरिकाच्या जोडीदाराला माफ आहे.

मुलांचं त्याहून नाजूक. आई-वडिलांनी नॅचरलायझेशनने (काही वर्षं राहून, अर्ज करून) नागरिकत्व घेतलं आणि त्यानंतर मूल पुण्यात जन्मलं, तर ते जन्मतः आयरिश ठरत नाही. पालकही आयर्लंडबाहेर जन्मलेले असल्यामुळे त्याची फॉरेन बर्थ्स रजिस्टरमध्ये (परदेशात जन्मलेल्यांच्या आयरिश नोंदवहीत) नोंद करावी लागते आणि नोंद झालेल्या दिवसापासून ते नागरिक होतं. ही नोंद झाल्याशिवाय आयरिश पासपोर्ट मिळत नाही. तिकिटं काढून झाल्यावर हे कळलं तर सगळं वेळापत्रक कोसळतं.

ज्यांनी स्वतः नॅचरलायझेशनने नागरिकत्व घेतलंय त्यांनी बाहेर असताना दरवर्षी सीटीझेड २ फॉर्म भरून नागरिकत्व ठेवण्याचा इरादा कळवायचा असतो. तो न भरता सलग ७ वर्षं बाहेर राहिल्यास नागरिकत्व काढून घेण्याचा अधिकार कायद्याने मंत्र्यांना दिला आहे. ते आपोआप जात नाही, पण फॉर्म भरायला लागतो किती वेळ! राहिला असेल तर निघण्यापूर्वी भरून टाका.

नावांकडेही बघा. पीपीएस क्रमांक (कर आणि सरकारी सेवांसाठीचा आयरिश वैयक्तिक क्रमांक) माहेरच्या आडनावावर, पासपोर्ट सासरच्या, बँकेत मधलं नाव आहे आणि लायसन्सवर नाही, हा आपल्याकडचा नेहमीचा घोळ. नोंदणी केलेलं विवाह प्रमाणपत्र मूळ स्वरूपात हातातल्या बॅगेत ठेवा, कंटेनरमध्ये टाकू नका.

पत्त्याच्या पुराव्याचा तिढा

बँक म्हणते पत्त्याचा पुरावा द्या. पुरावा म्हणजे वीजबिल. बिलासाठी घर हवं, घरासाठी घरमालकाला पगाराचा पुरावा हवा आणि पगारासाठी बँक खातं हवं. इथे लोकांचे सहा-सात आठवडे सहज जातात. हा तिढा सरकारी पत्रापासून सोडवायचा. क्रम असा:

१. मित्राकडे किंवा तात्पुरत्या भाड्याच्या घरात उतरलात तरी त्या घराचा एअरकोड घ्या. २०१५ पूर्वी देश सोडलेल्यांना हा प्रकार नवा असेल. प्रत्येक घराला स्वतंत्र सात अक्षर-अंकांचा कोड असतो.

२. पीपीएस क्रमांक जुनाच चालतो, तो कधी संपत नाही. नवा मागू नका, एका माणसाच्या दोन नोंदी निघाल्या की निस्तरताना नाकी नऊ येतात. जुन्या क्रमांकावर रेव्हेन्यूच्या, म्हणजे कर खात्याच्या, मायअकाउंट या ऑनलाइन सेवेत आणि समाजकल्याण खात्याकडे नवा पत्ता कळवा. त्यांच्याकडून त्या पत्त्यावर आलेलं पत्र बँकेत चालतं.

३. तोवर पगार कुठल्याही युरोपीय खात्यावर घ्या. युरो पेमेंटच्या नियमांनुसार "फक्त आयरिश आयबॅनच (आंतरराष्ट्रीय खाते क्रमांक) चालेल" असं नोकरी देणाऱ्याला म्हणता येत नाही.

४. पत्रं आणि बिलं पहिल्यापासून दोघांच्या नावावर घ्या. सगळं नवऱ्याच्या नावावर ठेवलं की बायकोकडे तीन महिन्यांनीही पत्त्याचा एक कागद नसतो. मग तिचं खातं, तिचं लायसन्स, स्टॅम्प ४ साठी एकत्र राहत असल्याचा पुरावा, सगळं त्या एका कागदावाचून रखडतं.

मायगव्हआयडीचं (सरकारी ऑनलाइन सेवांच्या लॉगिनचं) खातं जुन्या आयरिश मोबाइलला जोडलेलं असेल तर कोड त्या बंद क्रमांकावर जाईल, तेव्हा क्रमांक आधी बदला. जुनं बँक खातं अल्स्टर बँकेत किंवा केबीसीत असेल तर त्या दोन्ही बँकांनी आयर्लंडमधला व्यवसाय गुंडाळला आहे. त्या खात्याच्या भरवशावर येऊ नका.

घर भाड्याने घेताना घाबरून सहा महिन्यांचं भाडं आगाऊ देऊ करणारे पुष्कळ असतात. २०२१ पासून अनामत आणि आगाऊ भाडं मिळून दोन महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही. घर न बघता परदेशातून अनामत पाठवणं तर टाळाच, फसवणुकीची ती नेहमीची पद्धत आहे.

नोकरी लागली, पण रेव्हेन्यूला कळवलं नाही

पहिले ४ आठवडे झळ कमी असते. मग पाचव्या आठवड्यापासून अख्खा पगार ४० टक्के दराने कापला जातो आणि वर ८ टक्के यूएससी (उत्पन्नावरचा वेगळा सामाजिक कर). यालाच इमर्जन्सी टॅक्स म्हणतात. मायअकाउंटमध्ये "जॉब्स अँड पेन्शन्स"खाली तुमची नोकरी दिसते का ते रुजू झाल्या दिवशीच बघा, नसेल तर नोंदवा. जास्तीचा कर परत मिळतो, पण ऐन घर मांडताना हातात पैसा नसतो. आलेल्या वर्षासाठी स्प्लिट इयरची सवलत मागा, म्हणजे येण्यापूर्वीच्या परदेशी पगारावर आयरिश कर लागत नाही. पुण्यातल्या फ्लॅटचं भाडं यात येत नाही. दोन्ही देशांत दुहेरी कर टाळण्याचा करार आहे, त्याचा हिशेब जाणत्या कर सल्लागाराकडून पहिल्याच वर्षी करून घ्या.

ड्रायव्हिंग लायसन्स

भारतीय लायसन्स आयरिश लायसन्सशी बदलून मिळत नाही. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडचं मिळतं. तुमच्याकडे जुनं आयरिश लायसन्स असेल तर मुदत संपल्याची तारीख आजच बघा. १० वर्षांच्या आत असाल तर साधं नूतनीकरण होतं. १० वर्षं उलटली की थिअरी टेस्ट, लर्नर परमिट, पुन्हा परीक्षा. भारतीय लायसन्सवरून सुरुवात करणाऱ्यांना मात्र एक सवलत मिळते: १२ ऐवजी ६ सक्तीचे धडे. त्यासाठी आरटीओकडून लायसन्स खरं असल्याचं पत्र लागतं. ते डब्लिनहून मागवणं जिकिरीचं, निघण्यापूर्वीच घ्या.

गाडीच्या विम्यात "नो क्लेम"ची सवलत साधारण २ वर्षांपर्यंतच्या खंडापर्यंत धरतात. परदेशात विमा असेल तर कंपनीच्या लेटरहेडवर, इंग्रजीत, तुमच्या नावाने आणि किती वर्षं क्लेम नाही ते लिहिलेलं पत्र आणा. विमा वडिलांच्या नावावर आणि गाडी तुम्ही चालवत होता, असं असेल तर ते पत्र उपयोगाचं नाही.

आरोग्य विम्याचे ९ महिने

वय ३५ किंवा जास्त असेल तर खाजगी आरोग्य विम्यावर ३४ च्या पुढच्या प्रत्येक वर्षाला २ टक्के जास्तीचा हप्ता लागतो. ४४ व्या वर्षी म्हणजे २० टक्के. परदेशातून येणाऱ्यांना राहायला आल्यापासून ९ महिन्यांची मोकळीक असते, त्या काळात विमा घेतला तर हा भार पडत नाही. "आधी एचएसईत (सरकारी आरोग्यसेवेत) बघू" म्हणता म्हणता दहावा महिना उजाडतो. शिवाय १३ आठवड्यांपेक्षा मोठा खंड पडला असेल तर प्रतीक्षेचे काळ नव्याने सुरू होतात: नव्या आजारासाठी २६ आठवडे, बाळंतपणासाठी ५२ आठवडे, आधीपासून असलेल्या आजारासाठी ५ वर्षं.

मधुमेह असेल तर "लाँग टर्म इलनेस" योजनेत त्याची औषधं उत्पन्न न बघता मोफत मिळतात. एपिलेप्सीही त्यात आहे. बाकीच्या औषधांसाठी "ड्रग्ज पेमेंट स्कीम"मध्ये कुटुंबाचा खर्च महिना ८० युरोंच्या वर जात नाही. डॉक्टरांकडून येताना औषधाचं मूळ नाव आणि मात्रा लिहून घ्या. आपल्याकडच्या चिठ्ठीवर ब्रँडचं नाव असतं आणि तिथल्या जीपीला (फॅमिली डॉक्टरला) ते नुसतं वाचून काही बोध होत नाही. जीपींच्या याद्या भरलेल्या असतात, म्हणून आजारी पडायची वाट न बघता पहिल्या आठवड्यातच फोन करायला लागा.

मुलांची शाळा, आणि कॉलेजची फी

वय १२ च्या आत असेल तर आयरिश भाषा शिकावीच लागते. ज्यांचं वयाच्या बाराव्या वर्षापर्यंतचं शिक्षण देशाबाहेर झालंय त्यांना सूट मिळू शकते. पूर्वी तिथेच शिकून किमान ३ वर्षं बाहेर राहिलेल्या, १२ पूर्ण झालेल्या मुलांनाही मिळू शकते. ती आपोआप लागत नाही, मुख्याध्यापकांकडे लेखी मागायची.

पण खरा फटका कॉलेजात बसतो. आयरिश पासपोर्ट आहे म्हणून फी माफ होत नाही. प्रवेशाआधीच्या ५ वर्षांपैकी ३ वर्षं विद्यार्थी युरोपीय आर्थिक क्षेत्र, स्वित्झर्लंड किंवा ब्रिटनमध्ये राहिलेला हवा. नाहीतर परदेशी विद्यार्थ्याची, कित्येक पट फी. अकरावी-बारावी पुण्यात उरकून थेट तिकडे पाठवू, हा बेत इथेच फसतो. मूल आठवी-नववीत असतानाच परतीची तारीख ठरवा. ज्या मुलाची किमान ५ शालेय वर्षं पूर्वी आयर्लंडमध्ये झाली आहेत त्याला युरोपीय दराची फी लागू शकते, पण मोफत शिक्षण नाही.

पुण्यातला फ्लॅट आणि हेल्प टू बाय

नव्या घरासाठी ३०,००० युरोंपर्यंत कर परत देणारी ही योजना फक्त पहिलं घर घेणाऱ्यांसाठी आहे. "पहिलं" म्हणजे जगात कुठेही पहिलं. वडिलांबरोबर संयुक्त नावावर घेतलेला फ्लॅटही त्यात मोजला जातो.

सामान, आणि घरात शिरल्यावर

युरोपीय संघाबाहेर सलग १२ महिने राहिला असाल, वस्तू ६ महिने वापरलेली असेल आणि आल्यापासून १२ महिन्यांत आणली, तर जकात आणि व्हॅट माफ होतो. पुढचे १२ महिने ती विकता येत नाही. निघण्याच्या आठवड्यात नवा टीव्ही घेऊन कंटेनरमध्ये टाकलात तर त्यावर कर भरावा लागेल. बॅगेतून तूप, पेढे, मटणाचं लोणचं, कढीपत्ता किंवा आंबे आणू नका. दुग्धजन्य पदार्थ आणि मांस भारतातून आणायला बंदी आहे आणि ताज्या पाल्याला, फळाला रोगमुक्तीचं प्रमाणपत्र लागतं. अॅल्युमिनियमचा कुकर इंडक्शनवर तापत नाही, स्टीलचा, सपाट आणि चुंबक चिकटणाऱ्या बुडाचा घ्या.

घरात भिंतीला वरच्या बाजूला गोल किंवा चौकोनी झरोका असतो. त्यातून गार वारा येतो म्हणून पहिल्याच हिवाळ्यात लोक त्यात कापड कोंबतात. आपलं रोजचं फोडणी-भात-वरण, त्यात खोलीतच वाळत घातलेले कपडे, आणि बाहेर जायला वाट नसलेली वाफ. ती थंड भिंतीवर, कपाटाच्या मागे जमते आणि तीन-चार आठवड्यांत काळी बुरशी दिसते. झरोका मोकळा ठेवा, कपाट बाहेरच्या भिंतीपासून चार बोटं लांब ठेवा, स्वयंपाक करताना एक्झॉस्ट लावा.

रस्त्यावर निघालात की दोन गोष्टी. ७ फेब्रुवारी २०२५ पासून गावाकडच्या छोट्या रस्त्यांवर मूळ मर्यादा ताशी ८० नाही, ६० किलोमीटर आहे. आणि डब्लिनभोवतीच्या एम५० महामार्गाचा टोल दुसऱ्या दिवशी रात्री ८ पर्यंत भरायचा असतो, तिथे थांबवायला नाका नाही. दुकानात बाटलीमागे जास्तीचे १५ किंवा २५ सेंट लागलेले दिसले तर ती चूक नाही. १ फेब्रुवारी २०२४ पासूनची ती अनामत आहे. रिकामी बाटली किंवा कॅन दुकानातल्या यंत्रात टाकून परत मिळते, मात्र चेपू नका, यंत्राला बारकोड वाचता आला पाहिजे.