पूल उतरताना: गोव्याच्या महामार्गावर वेग कसा सांभाळावा

पत्रादेवीपासून पोळ्यापर्यंत राष्ट्रीय महामार्ग 66 गोव्याच्या अंगावरून उभा जातो आणि गेल्या काही वर्षांत तो तुकड्यातुकड्याने बदलत गेला. जानेवारी 2019 मध्ये मांडवीवरचा अटल सेतू झाला. त्याच वर्षी नोव्हेंबरात काणकोणचा बगलमार्ग सुरू झाला. डिसेंबर 2022 मध्ये झुआरीच्या नव्या पुलाची एक बाजू खुली झाली, वर्षभराने दुसरी. झुआरीकाठच्या आगशीला रांगेत अर्धा-अर्धा तास काढणारी गाडी आता नदी कधी ओलांडते ते कळतही नाही, आणि काटा नव्वद-शंभरवर गेलेला असतो.

पण हा वेगवान रस्ता सलग नाही. पाच-दहा किलोमीटर मोकळे मिळतात, मग सिग्नल येतो, सर्कल येते, दुभाजकातली फट येते, नाहीतर चौपदरी रस्ता अचानक दुपदरी होतो. धोका या सांध्यावर आहे. मोकळ्या पट्ट्यात जमलेला वेग सांध्यापाशी उतरलेला नसतो. या लेखातले बहुतेक उपाय त्यासाठीच आहेत.

सांध्याआधी काय करायचे

सलग दहा-पंधरा मिनिटे शंभरने गाडी चालवली की डोळा त्या वेगाला सरावतो. मग साठ हा वेग चाळीससारखा वाटू लागतो आणि चालकाला मनापासून वाटते की आपण पुरेसे हळू झालो. म्हणून पूल किंवा बगलमार्ग संपताना अंदाजावर भिस्त ठेवू नका, काटा बघा. पणजीहून मडगावला जाताना झुआरी पुलाचा माथा ओलांडला, की तिथेच एक्सेलरेटरवरून पाय उचला. उतार गाडीला आपोआप ढकलत असतो, त्यामुळे पाय उचलूनही वेग फारसा पडत नाही. तेव्हा चौथ्या गिअरवर या, ऑटोमॅटिक असेल तर गिअर एक पायरी खाली घ्या. मागच्या आरशात एकदा बघा आणि ब्रेक दोनदा हलका दाबा. मागच्याला तुमचे लाल दिवे दिसले पाहिजेत, कारण नुसत्या गिअरने वेग कमी केला तर ते पेटत नाहीत. कुठ्ठाळीला वास्कोकडची वाहतूक येऊन मिळते. तिथे पोचेपर्यंत काटा फलकावरच्या आकड्यावर आलेला असावा.

फलकाबद्दल एक गैरसमज आहे. केंद्र सरकारच्या 2018 च्या अधिसूचनेत दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर मोटारीला ताशी 100 आणि दुचाकीला 80 किलोमीटर ही कमाल मर्यादा दिली होती. ते आकडे लक्षात ठेवून बरेच जण सगळीकडे शंभर धरून चालतात. ती वरची हद्द आहे. गावाजवळ, वळणावर, पुलावर राज्याने लावलेला फलक त्याहून कमी असतो. पाळायचा तो, आणि तालांवही (दंडाची पावती) त्याच आकड्यावरून येतो.

आता हिशेब बघा. समोर काही आडवे आले हे दिसल्यापासून पाय ब्रेकवर जाईपर्यंत साधारण दीड सेकंद जातो. साठच्या वेगात तेवढ्यात गाडी 25 मीटर जाते, ऐंशीला 33, शंभरला 42. त्यानंतर कोरड्या चांगल्या डांबरावर ब्रेकचे अंतर अनुक्रमे 20, 35 आणि 55 मीटर धरा. म्हणजे साठची गाडी एकूण 45 मीटरवर थांबते, ऐंशीची 68 वर, शंभरची 97 वर.

यातली खरी भीतीदायक गोष्ट वेगळीच आहे. साठने येणारी गाडी जिथे कशीबशी थांबते, त्याच जागी ऐंशीने येणारी गाडी अजून पासष्टच्या आसपास वेगात असते. शंभरने येणाऱ्याने तर तिथे नुकता ब्रेक दाबलेला असतो, त्याची धडक पंच्याण्णवच्या वर बसते. आणि या जादा वेगातून मिळते काय? दहा किलोमीटरला ऐंशीने साडेसात मिनिटे लागतात, शंभरने सहा. मिळालेले दीड मिनिट पुढच्या सिग्नलवर उभे राहण्यात जाते.

पुढच्या गाडीपासून अंतर

अंतर मीटरमध्ये मोजता येत नाही, सेकंदात येते. पुढची गाडी एखाद्या दिव्याच्या खांबाजवळून गेली की सावकाश म्हणा: एकशे एक, एकशे दोन, एकशे तीन. तीन पुरे होण्याआधी तुम्ही त्या खांबापाशी पोचलात तर तुम्ही जवळ आहात. पावसात हे सहापर्यंत न्या. पुढे ट्रक किंवा बस असेल तर कोरड्यातही चार म्हणा. तिच्यापलीकडचे तुम्हाला काही दिसत नाही, म्हणून तिचे ब्रेक हीच तुमची पहिली सूचना असते.

लगेच तक्रार येते की इतके अंतर ठेवले तर मधे कोणीतरी घुसतो. घुसतोच. एक गाडी घुसली की पुन्हा अंतर करायला सुमारे तीन सेकंद जातात. पणजी ते मडगाव दहा गाड्या घुसल्या तरी अर्धे मिनिट. एवढे देऊन टाका.

मागून कोणी डिक्कीला चिकटला, दिवे मारू लागला, तर त्याला धडा शिकवायला ब्रेक मारू नका आणि घाबरून वेगही वाढवू नका. पुढचे अंतर आणखी वाढवा, म्हणजे तुम्हाला जोरात ब्रेक मारावा लागणार नाही आणि तो तुमच्यावर येणार नाही. मग डावा इंडिकेटर देऊन, आरसा बघून, त्याला जाऊ द्या.

गावाच्या बाजूने रस्ता ओलांडणारे

गिरी, वेर्णा, नुवे अशा पट्ट्यांत लोक पिढ्यान्‌पिढ्या हा रस्ता ओलांडत आले आहेत. त्यांचा अंदाज जुन्या वेगावर बसलेला आहे. स्कूटरवर पाठीमागे माणूस, पायांत बाजाराची पिशवी, अशा स्थितीत थांबलेल्या जागेवरून दोन लेन पार करून पलीकडे सरळ व्हायला पाच-सहा सेकंद लागतात. तेवढ्या वेळात साठची गाडी 100 मीटर येते आणि शंभरची जवळजवळ 170. रस्त्यावरचे दिव्याचे खांब बहुतेक ठिकाणी तीसेक मीटरवर असतात. म्हणजे पूर्वी तिसऱ्या-चौथ्या खांबापलीकडची गाडी पुरेशी लांब होती. आता सहाव्या खांबाच्या आत काही येत असेल तर थांबायचे. आपल्या घरातल्या वडीलधाऱ्यांना ही गोष्ट खांब मोजून प्रत्यक्ष दाखवा, आकडे सांगून उपयोग होत नाही. लांबून समोरासमोर येणाऱ्या गाडीचा वेग डोळ्याला जवळजवळ कळतच नाही, ती फक्त हळूहळू मोठी होताना दिसते.

दुभाजकाच्या फटीत वळण्यासाठी थांबलेल्या मोटारीने पुढची चाके सरळ ठेवावीत. चाके आधीच उजवीकडे वळवून उभे राहिलात आणि मागून कोणी ठोकले तर गाडी थेट समोरच्या वाहतुकीत ढकलली जाते. चाके सरळ असतील तर ती निदान आपल्याच बाजूला पुढे जाते. तुमच्या मागची गाडीही वळणारी असेलच असे नाही, म्हणून इंडिकेटर फटीच्या बराच आधी, किमान 100 मीटरवर द्या.

सरळ जाणाऱ्याने काय करावे? अशी फट दिसली की उजव्या लेनमधून शक्यतो डावीकडे या आणि पाय ब्रेकवर नुसता ठेवा, दाबू नका. दीड सेकंदातला निदान अर्धा सेकंद तिथेच वाचतो. वेर्ण्याला औद्योगिक वसाहतीची पाळी सुटते तेव्हा कामगारांच्या बसेस आणि दुचाक्या एकदम रस्त्यावर येतात, ती वेळ ओळखून वेग उतरवा. पहाटे सर्व्हिस रोडवरून सायकलवर पोदेर (पाववाला) निघालेला असतो, त्याच्या टोपलीमुळे त्याला मागचे दिसत नाही.

लेन आणि ओव्हरटेक

उजवी लेन ओव्हरटेकसाठी. आपल्याकडे तिथे ट्रक ठाण मांडून असतात, कारण डाव्या लेनमध्ये उभ्या गाड्या, थांबणाऱ्या मिनीबस आणि दुचाक्या असतात. कारण समजण्यासारखे आहे, पण परिणाम असा की सगळे डावीकडून ओव्हरटेक करतात, आणि डावीकडेच बस थांबलेली असते. दिव्याची एक झलक द्या, दहा सेकंद थांबा. वाट मिळाली नाही तर मागेच राहा. ट्रकचालकाच्या डाव्या बाजूला मोठा आंधळा भाग असतो. तुम्हाला त्याच्या आरशात त्याचा चेहरा दिसत नसेल, तर त्यालाही तुम्ही दिसत नाही.

काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे असलेली गाडी दिसली की ती भाड्याची आहे. चालक बहुधा पाहुणा, डोळा मोबाइलच्या नकाशावर, आणि किनाऱ्याकडे जाणारा फाटा चुकला की तो तिथेच ब्रेक मारतो. त्याच्यामागे पाच सेकंद ठेवा. आणि तुम्हीच पाहुणे असाल तर चुकलेला फाटा जाऊ द्या, पुढच्या सर्कलवरून परत या. महामार्गावर रिव्हर्स कधीही घेऊ नका.

दुचाकीस्वारांसाठी: अटल सेतूवर दुचाकीला आणि तीनचाकीला मनाई आहे, मांडवी जुन्या पुलांवरून ओलांडावी. झुआरीवर आडवा वारा अंगावर येतो. मोठ्या बसच्या आडोशातून बाहेर पडताना तो एकदम लागतो आणि गाडी हातभर सरकते, म्हणून कठड्याला चिकटून चालू नका. पुलाच्या लोखंडी सांध्यावर पावसात ब्रेक मारायचा नाही, गाडी तिरकी करायची नाही, सरळ आणि एकसारख्या वेगाने पार व्हायचे. थांबताना दोन्ही ब्रेक एकत्र, पण पुढचा हळूहळू वाढवत न्या. थांबवण्याचे बहुतेक काम पुढचे चाक करते, तरीही पुष्कळ जण घसरण्याच्या भीतीने फक्त मागचा दाबतात आणि थांबण्याचे अंतर खूप लांबवतात.

पाऊस आणि रात्र

पहिल्या सरीत रस्ता सर्वांत निसरडा असतो, कारण उन्हाळ्यात साठलेले तेल आणि धूळ पाण्याबरोबर वर येते. ओल्या रस्त्यावर साठची गाडी थांबायला सुमारे 60 मीटर, ऐंशीची 95 आणि शंभरची 138 मीटर घेते. साचलेल्या पाण्यावर सत्तर-ऐंशीने गेल्यास टायर पाण्यावर तरंगू शकतो. स्टिअरिंग अचानक हलके लागले तर तेच झाले आहे. तेव्हा ब्रेक मारू नका, चाक वळवू नका, एक्सेलरेटर सोडा आणि पकड परत येईपर्यंत सरळ धरा. चालत्या गाडीचे चारही इंडिकेटर पावसात लावून ठेवायची सवय वाईट आहे. तुम्ही वळणार की थांबलात हे मागच्याला कळेनासे होते. हेडलाइट लावा, तेवढे पुरते.

पावसाळ्यात गुरे कोरड्या, उबदार डांबरावर येऊन बसतात. रात्री काळी म्हैस डिपर दिव्यात 40-50 मीटरवर दिसते. ऐंशीला थांबायला 68 मीटर लागतात. यात बसवायला काही जागाच नाही, म्हणून दिवे नसलेल्या पट्ट्यात, विशेषतः बाळ्ळीपासून करमल घाटातून काणकोणकडे जाताना, डिपरवर साठच्या वर जाऊ नका. समोर कोणी नसेल तर अप्पर लावा आणि समोरचा दिसताच उतरवा. त्याने नाही उतरवला तर त्याच्या दिव्याकडे न बघता रस्त्याच्या डाव्या कडेची पांढरी रेघ धरा. घाटात दुभाजक नाही. चौपदरी रस्त्यावरून तिथे पोचलेला चालक वळणावर उजवीकडे सरकतो, ती सवय जिथे दुभाजक संपतो तिथेच सोडावी लागते.

टायर

वेग वाढला की टायरची उणीव लगेच उघडी पडते. हवा कमी असली तर टायरची भिंत दर फेऱ्याला वाकते, तापते आणि उन्हात शंभरच्या वेगात फुटते. हवा पंधरा दिवसांनी एकदा, सकाळी, टायर थंड असताना तपासा. किती हवी ते चालकाच्या दाराच्या खांबावरील चिकटपट्टीवर लिहिलेले असते. पाच माणसे आणि सामान असेल तर तिथेच दिलेला वरचा आकडा घ्या. खाचांची खोली 1.6 मिलिमीटरवर आली की टायर बाद, पण आपल्या पावसात तीनवर आला की बदलणे बरे. बाजूला कोरलेले चार आकडे बघा: 2321 म्हणजे 2021 च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. कमी चालणाऱ्या गाडीचे टायर खाचा शाबूत असूनही आतून कडक होतात, भिंतीवर बारीक भेगा दिसल्या तर महामार्गावर नेऊ नका. भाड्याची गाडी घेताना काचेवरच्या ओरखड्यांचे फोटो सगळे काढतात, टायर मात्र क्वचितच कोणी बघतो.

टायर फुटलाच तर ब्रेकवर पाय नेऊ नका. स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट, एक्सेलरेटर हळू सोडत, गाडी आपोआप चाळीसच्या खाली येऊ द्या आणि मग डाव्या कडेला घ्या. चारही इंडिकेटर लावा. माणसे डाव्या दारांनी उतरवा आणि कठड्याच्या पलीकडे उभी करा, गाडीच्या मागे किंवा दोन गाड्यांच्या मधे कोणीही राहू नये. लाल त्रिकोण 50 पावलांवर ठेवतात, पण शंभरने येणाऱ्याला ते अपुरे आहे. वळण किंवा पुलाचा चढ असेल तर त्याच्या अलीकडे, म्हणजे येणाऱ्याला आधी त्रिकोण आणि मग गाडी दिसेल असा ठेवा. तो हातात समोर धरून, येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून, रस्त्याच्या कडेने चालत जा. मग महामार्गाच्या 1033 वर फोन करा. कोणी जखमी असेल तर आधी 108, आणि सांगताना जवळचा किलोमीटरचा दगड आणि कोणत्या दिशेची बाजू, मडगावकडची की पणजीकडची, हे दोन्ही सांगा. दुभाजकामुळे चुकीच्या बाजूला आलेली रुग्णवाहिका पुढची फट मिळेपर्यंत वळू शकत नाही.