गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचं काम देताना या चुका टाळा

वायरमनला परवाना लागतो. वॉटरप्रूफिंग करणाऱ्याला महाराष्ट्रात असा वेगळा परवाना नाही. व्हिजिटिंग कार्डावरचं ‘गव्हर्नमेंट अप्रूव्ह्ड’ कुणीही छापून घेतं. त्यामुळे भांडायची वेळ आली की हातात उरतात फक्त कोटेशन आणि बिल.

सगळ्यात जास्त फसगत आयएसआयच्या नावावर होते. आयएस २६४५ हे मानक सिमेंटच्या मालात मिसळायच्या वॉटरप्रूफिंग कंपाउंडचं आहे. ब्रशने मारायच्या कोटिंगसाठी तोच आकडा कुणी दाखवत असेल, तर एक तर त्याला माहीत नाही, नाहीतर तुम्हाला माहीत नाही हे त्याला माहीत आहे. शिवाय शिक्का डब्यातल्या मालाचा असतो, कामाचा नाही. पूर्वतयारी आणि बारकाव्यांसाठी आयएस ३०६७ आहे. त्याचा उल्लेख कोटेशनमध्ये करून घ्या. उतार १:१००, म्हणजे १० फुटांना साधारण सव्वा इंच, आणि भिंतीलगतची वाटा (गच्ची आणि कठडा यांच्या कोपऱ्यातली सिमेंटची गोलाई) हेही लिहून घ्या.

‘गच्ची वॉटरप्रूफिंग, १० वर्षं गॅरंटी’ एवढ्या एका ओळीवर काम देऊ नका. मालाचं नाव, किती हात आणि किती किलो हे हवंच. २० बाय ३० फुटांची गच्ची ६०० चौरस फूट. कठड्यावर १ फूट कोटिंग चढवलं तर आणखी १००. एकूण ७००, म्हणजे ६५ चौरस मीटर. कंपनीच्या पत्रकात सगळे हात मिळून चौरस मीटरला दीड किलो असेल, तर साडेसत्त्याण्णव किलो लागतं: २० किलोच्या ५ बादल्या. साइटवर ३ आल्या, तर उरलेली भरती पाण्याने होणार. रिकाम्या बादल्या मोजा, बॅच नंबरचे फोटो काढा.

कोटिंग पूर्ण वाळल्यावर आउटलेट बंद करून किमान ४८ तास पाणी साठवून बघा. (इमारत जुनी असेल तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारा, २ इंच पाण्याचं वजन चौरस मीटरला ५० किलो भरतं.) १० टक्के रक्कम पहिला पावसाळा जाईपर्यंत राखून ठेवायची अट आधीच घाला.

गॅरंटी कुणाची, हेही बघा. मालाच्या वॉरंटीत मजुरी बऱ्याचदा नसते, आणि नंतर डिश अँटेनासाठी भोक पाडलं की ती रद्द होऊ शकते.

गळायला लागलं की दुसऱ्याला बोलावून लगेच फोडाफोडी करू नका, पुरावाच जातो. फोटो, इंजिनिअरचा पाहणी अहवाल, मग स्पीड पोस्टाने नोटीस. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. जिल्हा ग्राहक आयोगात, तक्रारीचं कारण घडल्यापासून २ वर्षांत, तुम्ही राहता त्या जिल्ह्यात दाद मागता येते. दिलेला मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही, वकीलही सक्तीचा नाही. मात्र १८ टक्के जीएसटी वाचवायला बिनबिलाचे रोख पैसे दिले असतील, तर मोबदला दिला हे सिद्ध करतानाच दमछाक होते.

आणि खर्च मुळात तुमचा आहे का? ताबा मिळून ५ वर्षं झाली नसतील, तर रेरा या बिल्डरांवरच्या कायद्याच्या कलम १४(३) नुसार कामातला दोष बिल्डरने ३० दिवसांत फुकट दुरुस्त करायचा असतो. सोसायटीत पावसाची गळती आदर्श उपविधींनुसार (सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमांनुसार) सोसायटीच्या खर्चाने दुरुस्त होते. वरच्या फ्लॅटचं बाथरूम गळत असेल तर तो खर्च त्या सभासदाचा.