स्टाउटमध्ये आधी ओक, मग व्हॅनिला

घरी बिअर करणाऱ्याला एक दिवस पिंपात मुरलेल्या स्टाउटचा, म्हणजे भाजलेल्या बार्लीच्या काळ्या बिअरचा, मोह होतोच. शिकागोच्या गूज आयलंड ब्रुअरीने १९९०च्या दशकात बर्बन या अमेरिकन व्हिस्कीच्या रिकाम्या पिंपांत स्टाउट मुरवली आणि पुढे अमेरिकेत ते वेडच लागलं. बर्बनला कायद्याने नवं, आतून जाळलेलं ओकचं पिंपच लागतं. त्यामुळे एकदा वापरलेली पिंपं ब्रुअऱ्यांच्या वाट्याला येतात. पण एका पिंपात साधारण दोनशे लिटर मावतं. आपल्या बेसमेंटमध्ये असतो १९ लिटरचा, म्हणजे पाच गॅलनचा फर्मेंटर (बिअर आंबवायचं भांडं). त्याला मूठभर ओकचे तुकडे आणि व्हॅनिलाच्या दोन शेंगा पुरतात.

हे सगळं अमेरिकेतल्या घरापुरतं. इथे १९७८ साली जिमी कार्टर यांनी सही केलेल्या कायद्याने दोन प्रौढांच्या घराला वर्षाला २०० गॅलन बिअर करायची मुभा दिली, अर्थात विकायची नाही. महाराष्ट्रात मात्र परवान्याशिवाय बिअर करणं गुन्हा आहे, तेव्हा पुण्या-ठाण्याच्या मंडळींनी हे नुसतं वाचावं.

मी पहिल्यांदा ओक आणि व्हॅनिला एकाच दिवशी टाकले. ओकच्या ८५ ग्रॅम चिप्स (पातळ ढलप्या), तीन शेंगा, तीन आठवडे. चाखल्यावर मित्र म्हणाला, “अरे, सुताराच्या दुकानात बसून केक खाल्ल्यासारखं वाटतंय.” ओक भाजला की लाकडातलं लिग्निन फुटतं आणि त्यातून व्हॅनिलिन तयार होतं. व्हॅनिलाच्या शेंगेचा मुख्य वास त्याचाच. म्हणजे ओक स्वतःची व्हॅनिला घेऊनच येतो. ती किती आली हे कळल्याशिवाय शेंगेचं प्रमाण ठरवता येत नाही. म्हणून आता माझा क्रम ठरलेला आहे.

स्टाउट तयार आहे ना?

हायड्रोमीटरवरची ग्रॅव्हिटी (द्रवाच्या घनतेचा आकडा) सलग तीन दिवस तीच आली की पुढे जावं. आंबणं जोरात चालू असताना वास टाकला, तर तो कार्बन डायऑक्साइडबरोबर एअरलॉकमधून (वायू बाहेर सोडणाऱ्या झडपेतून) बाहेर जातो. बेसमेंट घमघमतं आणि ग्लास रिकामा. स्टाउट अंगाने भरलेली, थोडी गोडसर आणि साडेसहा टक्क्यांच्या वर अल्कोहोल असलेली असावी. कोरड्या, कडवट स्टाउटला ओक मानवत नाही: भाजलेल्या बार्लीचा तुरटपणा आणि लाकडाचं टॅनिन मिळून तोंड कोरडं पडतं.

ओक

अमेरिकन ओक व्हॅनिला आणि खोबऱ्याकडे झुकतो, फ्रेंच ओक जरा मसालेदार आणि मवाळ असतो. चिप्स आठवड्याभरात काम उरकतात, पण हुकल्या की हुकल्याच. चौकोनी तुकडे, ज्यांना इथे क्यूब्स म्हणतात, सावकाश मुरतात आणि चुका सांभाळून घेतात. मी मध्यम भाजलेल्या अमेरिकन ओकचे ४० ग्रॅम क्यूब्स घेतो. होमब्रू दुकानातलेच घ्यावेत. सरपणाचं किंवा जुन्या फर्निचरचं लाकूड चालणार नाही, त्याला काय लावलेलं असेल सांगता येत नाही.

काचेच्या बरणीत तुकडे बुडतील इतकी बर्बन ओतून दहा दिवस ठेवावी. जंतूंचा धोका बराच कमी होतो आणि पहिला करकरीत लाकडी वास बर्बनमध्ये उतरतो. बर्बनची चव हवी असेल तर ती बर्बनही बिअरमध्ये जाऊ द्यावी: १२० मिलीने अल्कोहोल जेमतेम पाव टक्का वाढतं. नको असेल तर गाळून टाकावी. मी निम्मी बिअरमध्ये घालतो.

तुकडे उकळलेल्या मलमलच्या पिशवीत बांधून, सोबत स्टीलचं छोटं वजन घालून फर्मेंटरमध्ये सोडावेत, नाहीतर ते वर तरंगत बसतात. दोन आठवड्यांनी पहिल्यांदा चाखावं, मग दर आठवड्याला. सारखं झाकण उघडू नये, हवा लागली की बिअर ओल्या पुठ्ठ्यासारखी लागते. घोट गिळल्यावर जीभ टाळूला लावून पाहावी. हलकं खरखरलं तर ठीक. आवळा चावल्यासारखं तोंड आवळलं तर उशीर झाला. बाटलीत ओक मवाळ होत जातो, त्यामुळे आवडतो त्यापेक्षा एक पायरी जास्त लागला की पिशवी काढून घ्यावी. मला बहुतेक वेळा सहा आठवडे लागतात.

व्हॅनिला

चांगली शेंग तेलकट असते, बोटाभोवती गुंडाळली तरी मोडत नाही. काडीसारखी कडकन तुटणारी घेऊ नका. बर्बन व्हॅनिला नावाचा व्हिस्कीशी संबंध नाही; रियुनियन बेटाचं जुनं नाव बर्बन. त्याच बेटावर १८४१ साली एडमंड अल्बियस या बारा वर्षांच्या गुलाम मुलाने व्हॅनिलाचं फूल हाताने फळवायची सोपी रीत शोधली.

दोन शेंगा उभ्या चिराव्यात, सुरीच्या पाठीने आतला काळा गर खरवडावा, सालींचे तुकडे करावेत आणि सगळं ७५ मिली व्होडकात आठवडाभर ठेवावं. रोज एकदा हलवावं. मग उकळलेल्या फडक्यातून गाळावं. बाजारातला कृत्रिम इसेन्स वापरला तर स्टाउटला वाढदिवसाचा वास येतो.

आता खरी गंमत. चार ग्लासांत प्रत्येकी १०० मिली स्टाउट घ्यावी. बिनसुईच्या १ मिलीच्या सिरिंजने तिघांत अनुक्रमे ०.१, ०.२ आणि ०.३ मिली अर्क सोडावा, चौथा कोरा. ग्लासांची अदलाबदल दुसऱ्याला करायला सांगावी. आमच्याकडे हे काम बायकोचं. ती बिअर पीत नाही, पण वासाला तिचं नाक माझ्यापेक्षा तिखट आहे. जो ग्लास आवडेल त्याच्या आकड्याला १९० ने गुणावं: ०.२ आवडला तर ३८ मिली. बाटलीत व्हॅनिला काही महिन्यांत ओसरते, म्हणून मी चार-पाच मिली जास्त घालतो.

बाटल्या भरताना

१०० ग्रॅम कॉर्न शुगर दोन कप पाण्यात उकळून गार करावी, बॉटलिंगच्या बादलीत ओतावी, वर व्हॅनिलाचा अर्क, आणि मग स्टाउट सायफनने हळू, फेस न करता खाली सोडावी. बाटल्या तीन आठवडे खोलीच्या तापमानाला, मग निदान दोन महिने थंड, अंधाऱ्या जागी. झाकणावर तारीख आणि अर्काचे मिली लिहून ठेवा, पुढच्या बॅचला लागतात.

फ्रिजमधून काढलेली बाटली लगेच उघडू नये. बर्फगार स्टाउटमध्ये ना ओक कळतो, ना व्हॅनिला. वीस मिनिटं ओट्यावर राहू द्यावी. आमच्याकडे तेवढ्यात कांदाभजीचा एक घाणा निघतो.