शब्द सापडत नाही? इंग्रजी शब्दखेळात या चुका टाळा

सांगलीत हळद आणि बेदाणा यांचे सौदे बघत वाढलेल्या मुलाला या दोन्ही मालांची इंग्रजी नावं तोंडपाठ असतात. बेदाण्याला २०१६ मध्ये आणि हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून तर ही नावं पोत्यांवर आणि पाकिटांवरही दिसतात. पण तोच मुलगा स्क्रॅबल, म्हणजे हातातल्या सात अक्षर-टाइल्समधून पटावर इंग्रजी शब्द लावून गुण मिळवायचा खेळ, खेळायला बसला की ‘रेझिन’साठी झेड शोधत राहतो. झेडला १० गुण असल्यामुळे मोहही होतो. शब्द मात्र आर-ए-आय-एस-आय-एन असा आहे. त्यात झेड नाही आणि आय दोनदा आहे. हळदीचंही तेच. आपण सर्रास ‘ट्युमेरिक’ म्हणतो आणि टी-यू-आर-एम-ई-आर-आय-सी मधला पहिला आर गिळून टाकतो. मग हातात दोन आर असूनही हा शब्द सुचत नाही.

सगळ्यात मोठी चूक हीच, आणि ती मराठी शाळेत शिकलेल्या हुशार मुलांकडून जास्त होते. देवनागरीत बहुतेक वेळा जे ऐकू येतं तेच लिहिलं जातं, म्हणून शब्द शोधतानाही आपण आधी आवाज धरतो. शब्दखेळाला आवाजाशी काही देणंघेणं नाही, त्याला फक्त अक्षरं कळतात. ‘क’ ऐकू आला तर तिथे सी, के, क्यू किंवा ‘स्कूल’मधल्यासारखं सी-एच असू शकतं. ‘फ’ असेल तर एफ, पी-एच, आणि ‘लाफ’ किंवा ‘एनफ’मध्ये चक्क जी-एच. व्ही आणि डब्ल्यू तर आपल्याकडे एकाच ‘व’मध्ये मिसळून जातात. स्क्रॅबलमध्ये दोघांनाही ४ गुण आहेत, तरी एकाच्या जागी दुसरं चालत नाही.

न ऐकू येणारी अक्षरं त्याहून फसवी. ‘लिसन’ म्हणताना टी कुठेच ऐकू येत नाही, म्हणून एल-आय-एस-टी-ई-एन ही सहा अक्षरं समोर असूनही अनेकांना तो शब्द दिसत नाही. याच सहा अक्षरांतून सायलेंट, टिन्सेल, एनलिस्ट आणि इनलेट्सही होतात. यावर उपाय असा, की शब्द मनात उच्चारू नका, अक्षरांची नावं एकेक करून मोठ्याने म्हणा. अक्षरं कागदावर सरळ ओळीत न लिहिता गोलात लिहा. आय-एन-जी, ई-आर, ई-डी असे शेवट जमत असतील तर ते बाजूला काढा आणि उरलेल्यांकडे बघा. मुलांना मी आधी हेच करायला सांगते, मोबाइल त्यानंतर.

मोबाइल घेतलाच, तर काय विचारायचं ते नक्की करा. शब्द शोधून देणाऱ्या साधनांत तीन वेगळे प्रश्न असतात आणि लोक त्यांची गल्लत करतात. सी, ए, टी ही अक्षरं घ्या. ‘ही अक्षरं कुठेही असलेले शब्द’ मागितले तर चॅप्टर मिळेल. ‘ही अक्षरं सलग असलेले’ मागितले तर लोकेट मिळेल. ‘फक्त याच अक्षरांतून होणारे’ मागितले तर कॅट, ॲक्ट आणि असेच छोटे शब्द. स्क्रॅबलला तिसरा प्रश्न लागतो, पण शोधताना तुमच्या सात टाइल्सबरोबर पटावरचं ज्याला जोडायचं ते अक्षरही धरा. कोऱ्या, म्हणजे कोणतंही अक्षर म्हणून चालणाऱ्या टाइलसाठी बहुतेक साधनांत प्रश्नचिन्ह टाकतात. एखादं अक्षर दोनदा हवं असेल तर ते दोनदा टाइप करा.

वर्डल हा पाच अक्षरी इंग्रजी शब्द ओळखायचा ऑनलाइन खेळ. अक्षर शब्दात आहे पण दुसऱ्या जागी, तर ते पिवळं होतं; नसेल तर करडं. वर्डलसाठी शोधताना साधनाने ‘एकही शब्द नाही’ असं सांगितलं, तर बहुधा घोळ दुहेरी अक्षराचा असतो. समजा उत्तर ‘अबाइड’, म्हणजे ए-बी-आय-डी-ई, आहे आणि तुम्ही ‘स्पीड’ टाकलंत, म्हणजे एस-पी-ई-ई-डी. पहिला ई पिवळा होतो, दुसरा करडा. याचा अर्थ ई एकच आहे आणि तो या दोन्ही जागांवर नाही. पण लोक करडा दिसला की ई साधनाच्या ‘नको असलेल्या’ रकान्यात टाकतात. तो ‘हवा’ या रकान्यातही असतोच, मग साधन तरी काय देणार? करड्या रंगाचं अक्षर वगळण्याआधी तेच अक्षर त्या ओळीत दुसरीकडे रंगलंय का, ते बघा.

वर्डलचं स्पेलिंग अमेरिकन असतं, हेही ध्यानात असू द्या. ‘ह्युमर’ आपण शाळेत यू घालून सहा अक्षरांत शिकलो. २०२२ च्या फेब्रुवारीत तोच शब्द पाच अक्षरांत उत्तर म्हणून आला होता. फेव्हर, रूमर, आर्मर यांचं तसंच.

काही अडचणी तर निव्वळ कीबोर्डच्या असतात. मराठी कीबोर्ड चालू राहिला की रकान्यात देवनागरी जाते आणि काहीच सापडत नाही. सुचवलेल्या शब्दावर टिचकी मारली की शेवटी एक रिकामी जागा चिकटते, ती काही ठिकाणी अक्षर म्हणून मोजली जाते.

शब्द सापडला तरी तो चालतो का, यावर वाद होतात. ते टाळायचे तर डाव मांडण्याआधी कोणती यादी मानायची ते ठरवा. भारतातल्या स्क्रॅबल स्पर्धा कॉलिन्स या इंग्रजी शब्दकोशाच्या यादीवर खेळतात. अमेरिका आणि कॅनडाची यादी वेगळी आहे. ‘हा तर आपला शब्द, इंग्रजीत कसा चालेल’ असं म्हणून चांगला शब्द सोडू नका. लाख, क्रोर, घाट, लाठी हे सगळे कॉलिन्समध्ये आहेत. क्यू हातात आला की यूची वाट बघत बसण्याचीही गरज नाही. फकीर एफ-ए-क्यू-आय-आर असा लागतो. कव्वाली क्यू-ए-डब्ल्यू-डब्ल्यू-ए-एल-आय अशी लागते. तिला डब्याभरातले दोन्ही डब्ल्यू लागतात, मूळ गुण होतात २२ आणि सातही टाइल्स एका खेळीत गेल्या तर त्यावर ५० अधिक.