शिडाच्या होड्यांची सामूहिक सफर कशी आखावी: तापीकाठच्या नौकानयन क्लबांसाठी

सात-आठ शिडाच्या होड्या एकाच दिवशी, एकाच मार्गाने आणि एकाच सफरप्रमुखाच्या देखरेखीखाली निघणार असतील, तर त्या सफरीचा वेग ताफ्यातील सर्वांत संथ होडीवरून ठरतो. मार्ग किती लांब ठेवायचा, दुपारी किती वेळ थांबायचे, परतीला कधी निघायचे आणि कोणाला कोणाबरोबर बसवायचे, ही सारी गणिते त्याच होडीपासून सुरू करावीत. क्लबमधील सर्वांत तरबेज सभासदाला आखणीचे काम सोपवले की तो स्वतःच्या वेगाने दिवस मोजतो आणि मागे पडलेल्या दोन होड्यांना अंधारात आणण्याची वेळ इतरांवर येते. त्यामुळे आखणीच्या बैठकीत ज्याने नुकतेच सुकाणू हाती घेतले आहे असा एक तरी सभासद असावा, असे माझे मत आहे.

पाणी आणि हंगाम

खान्देशात अशा सफरीसाठी सर्वप्रथम डोळ्यांसमोर येतो तो भुसावळ तालुक्यातील हतनूर धरणाचा जलाशय. तापी आणि पूर्णा यांच्या चांगदेव येथील संगमाकडे त्याचा फुगवटा पसरलेला असल्याने शिडाला लागणारी मोकळी रुंदी तेथे मिळते. मात्र या धरणात गाळ फार साचलेला आहे आणि काठापासून बरेच आत गेल्यावरही पाणी उथळच असू शकते. सुलवाडे, सारंगखेडा आणि प्रकाशा येथील बॅरेजमागचे पाणी लांबलचक, पण नदीसारखेच अरुंद असते. वाऱ्याविरुद्ध जाताना तेथे दर काही मिनिटांनी होडी वळवावी लागते आणि नवखा माणूस तासाभरात थकतो. गिरणा धरण नाशिक जिल्ह्याच्या नांदगाव तालुक्यात असले तरी चाळीसगावकडच्या मंडळींना तेच सोयीचे पडेल. अक्कलकुवा व अक्राणी तालुक्यांत शिरलेले सरदार सरोवराचे पाणी दिसायला विलक्षण सुंदर आहे. परंतु सातपुड्याच्या दऱ्यांमधून वारा अचानक दिशा बदलतो आणि मदत पोहोचायला रस्ता जवळ नसतो. पहिल्या सफरीसाठी त्या पाण्याचा विचार करू नये.

पावसाळ्यात हा विषयच काढू नये. हतनूरला ४१ दरवाजे आहेत आणि तापीच्या वरच्या खोऱ्यात पाऊस झाला की ते उघडावे लागतात. त्या काळात प्रवाह, वाहून आलेली लाकडे आणि गढूळ पाणी यांच्यापुढे शिडाचे काही चालत नाही. ऑक्टोबरअखेर ते फेब्रुवारी हा खरा हंगाम होय. मार्चनंतर पाणी उतरते, ऊन असह्य होते आणि एप्रिल-मे महिन्यांत दुपारनंतर अवकाळी वादळाचा भरवसा उरत नाही.

सफरीच्या आधीच्या आठवड्यात दोघा-तिघांनी मोटरबोटीने संपूर्ण मार्गाची पाहणी करावी. सोबत दर अर्ध्या मीटरवर रंगाचा पट्टा मारलेला लांब बांबू असावा. डिंगीचे, म्हणजे लहान शिडाच्या होडीचे, सेंटरबोर्ड (तळातून पाण्यात सोडायची उभी फळी) पूर्ण खाली सोडल्यावर तिला साधारण एक मीटर पाणी लागते, म्हणून दीड मीटरपेक्षा उथळ असलेला भाग नकाशावर लाल रंगाने बंद करावा. बुडालेल्या झाडांचे बुंधे, जुन्या विहिरींचे कठडे, जलपर्णीचे पट्टे आणि मासेमारीची जाळी यांच्या जागा याच फेरीत टिपून घ्याव्यात. मागील वर्षीचा नकाशा वापरण्याचा मोह टाळावा, कारण पाण्याची पातळी दोन मीटरने कमी असेल तर जलाशयाचा आकारच निराळा होतो.

वाऱ्याचे गणित

सामूहिक सफरीत सर्वाधिक घोटाळा येथेच होतो, म्हणून हे उदाहरण थोडे विस्ताराने मांडतो. समजा, ताफा धरणाकडच्या बाजूने निघून पूर्वेस सहा किलोमीटरवर दुपारचे जेवण घेणार आहे, वारा पश्चिमेचा आहे आणि सर्वांत संथ होडी पाण्यातून ताशी चार किलोमीटर जाते. जाताना वारा पाठीशी असल्याने दीड तासात सर्व होड्या पोहोचतात, सगळे खुशीत असतात आणि जेवण लांबते. परतताना मात्र शिडाची होडी वाऱ्याच्या तोंडावर सरळ जाऊ शकत नाही. ती वाऱ्याशी सुमारे ४५ अंशांचा कोन ठेवून एकदा उजवीकडे आणि एकदा डावीकडे अशी नागमोडी जाते, त्यामुळे सहा किलोमीटरचे अंतर साडेआठ किलोमीटर होते. नवशिक्याला ४५ अंश साधत नाहीत. तो ५५ अंशांवर चालतो आणि अंतर साडेदहा किलोमीटरपर्यंत जाते. प्रत्येक वळणावर वाया जाणारा वेग धरला, तर परतीला तीन तास हवेत. डिसेंबरात पावणेसहा-सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि त्याआधीच वारा पडू लागतो. म्हणजे दोन वाजता निघालेला ताफाही कसाबसाच वेळेत पोहोचतो. तीन वाजता निघालेल्या ताफ्याला मोटरबोटीने ओढतच आणावे लागते.

यावरून दोन गोष्टी ठरतात. शक्य तेव्हा सफरीचा पहिला टप्पा वाऱ्याविरुद्ध ठेवावा, म्हणजे माणसे ताजीतवानी असताना कष्टाचे काम उरकते आणि परतीचा मार्ग सोपा राहतो. हिवाळ्यात सकाळी बहुधा पूर्व-ईशान्येकडून मंद वारा असतो, पण तो दिवसभर तसाच राहील असे नाही. म्हणून एक पूर्वेचा आणि एक पश्चिमेचा असे दोन मार्ग तयार ठेवून त्यांतील एक त्या दिवशी सकाळी निवडावा. दुसरी गोष्ट म्हणजे परतीची वेळ आदल्या दिवशी लेखी जाहीर करावी आणि ठरलेल्या ठिकाणी पोहोचलो नसलो तरी त्या वेळेला तोंड फिरवावे.

हवामान खात्याच्या अंदाजात वाऱ्याचा वेग बहुधा किलोमीटरमध्ये असतो, तर नौकानयनाची पुस्तके सागरी मैलांत, म्हणजे नॉटमध्ये बोलतात. एक नॉट म्हणजे ताशी सुमारे १.८५ किलोमीटर. ताफ्यात नवखे सभासद असतील तर बारा नॉट, म्हणजे ताशी बावीस किलोमीटर, ही मर्यादा पुरेशी समजावी. पाण्यावर सर्वत्र पांढरे फेस दिसू लागले की ती ओलांडली गेली असे धरून शीड रीफ करावे, म्हणजे थोडे गुंडाळून लहान करावे, किंवा होड्या काठावरच ठेवाव्यात.

कागदपत्रे

हतनूरसारखे जलाशय जलसंपदा विभागाच्या अखत्यारीत येतात आणि या भागासाठीच्या तापी पाटबंधारे विकास महामंडळाचे मुख्यालय जळगावात आहे. संबंधित पाटबंधारे विभागाच्या कार्यकारी अभियंत्यांकडे मार्गाचा नकाशा, होड्यांची संख्या, सहभागींची यादी आणि सुरक्षेची व्यवस्था जोडून महिनाभर आधी अर्ज करावा. भिंतीजवळचा आणि दरवाज्यांसमोरचा निषिद्ध भाग नकाशात स्पष्ट दाखवावा. मोटरबोटीची नोंदणी व विमा चालू आहे याची खात्री करावी, आणि स्थानिक पोलीस ठाण्याला लेखी कळवावे. मच्छीमार सहकारी संस्थेला मात्र कागद पाठवून भागत नाही. प्रत्यक्ष जाऊन भेटावे. जाळी कोठे आहेत हे त्यांच्याइतके कोणालाच ठाऊक नसते, आणि एका सेंटरबोर्डाने फाडलेले जाळे म्हणजे कोणाच्या तरी आठवड्याची कमाई असते.

माणसे आणि होड्या

खान्देशातील सभासदांपैकी काहींनी एनसीसीच्या नौदल शाखेत शीड हाताळलेले असते, काही भोपाळच्या मोठ्या तलावावर किंवा हैदराबादच्या हुसेनसागरावर शिकून आलेले असतात, आणि उरलेले केवळ हौसेने आलेले असतात. भुसावळहून भोपाळला थेट रेल्वे असल्याने नव्या सभासदाने निदान प्राथमिक प्रशिक्षण तेथे घेऊन यावे, असा आग्रह क्लबने धरण्यास हरकत नाही. दोन जणांच्या होडीत एक जाणता आणि एक नवखा अशी जोडी लावावी; दोन मित्र किंवा पती-पत्नी यांना केवळ ओळखीमुळे एकत्र बसवू नये. जोड्यांची यादी एकदा लागली की बदलू नये. आयत्या वेळी कोणीतरी भाचा किंवा पाहुणा घेऊन येतो आणि ‘भाऊ, एकच माणूस आहे, घ्या ना बसवून’ म्हणतो. सफरप्रमुखाने भिडेस न पडता त्याला काठावरच्या जेवणाला बोलवावे, होडीत नाही.

लाइफ जॅकेट पोहता येणाऱ्यालाही सक्तीचे असावे. ते घातल्यावर दुसऱ्याने दोन्ही खांद्यांपाशी धरून जोराने वर ओढून पाहावे. जॅकेट हनुवटीच्या वर सरकले तर ते सैल आहे किंवा माप चुकले आहे. ही तपासणी काठावर, प्रत्येकाची आणि नाव पुकारून करावी.

सहा शिडाच्या होड्यांमागे एक सुरक्षा बोट हे प्रमाण मी किमान मानतो. तिच्यावर दोघे असावेत आणि त्यांपैकी एकाची पाण्यात उतरण्याची तयारी असावी. ओढण्याचा दोर, धारदार सुरी, प्रथमोपचाराची पेटी, कोरडे कपडे आणि जादा इंधन तिच्यावर असावे. पाण्यात पडलेल्या माणसाजवळ पोहोचताना इंजिन केवळ न्यूट्रलला न ठेवता पूर्ण बंद करावे, कारण पंख्याने होणारी इजा बुडण्याइतकीच भयंकर असते.

पाण्यावर

निघण्यापूर्वी सर्वांना काठावर गोल उभे करून सूचना द्याव्यात आणि त्या पंधरा मिनिटांत आटोपाव्यात. सर्वांत पुढे एक अनुभवी होडी आणि सर्वांत मागे दुसरी अनुभवी होडी असते. पहिलीच्या पुढे कोणी जायचे नाही आणि शेवटचीच्या मागे कोणी राहायचे नाही. पुढच्या होडीने दर अर्ध्या तासाने शीड सैल सोडून थांबावे आणि शेवटची होडी जवळ आल्यावरच पुन्हा निघावे. हे थांबणे वेगवान सभासदांना नकोसे वाटते, म्हणून त्यांच्यापैकीच एकाला शेवटच्या होडीवर नेमावे. दर थांब्यावर माणसांची मोजणी नावाने करावी. निव्वळ आकडा जुळला की माणसे समाधान मानतात.

आमनेसामने आल्यावर कोणी कोणाला वाट द्यायची याचे नियम जगभर सारखे आहेत. दोन होड्यांना वारा वेगवेगळ्या बाजूंनी लागत असेल तर ज्या होडीच्या डाव्या बाजूने वारा येतो तिने बाजूला व्हावे; दोघींना एकाच बाजूने लागत असेल तर वाऱ्याकडच्या होडीने वाट द्यावी; मागून ओलांडणाऱ्याने नेहमीच दूर राहावे. मासेमारी चालू असलेल्या नावेपासून शिडाच्या होडीनेच अंतर ठेवायचे असते.

वारा पाठीमागून घेत वळताना शिडाखालचा आडवा दांडा वेगाने एका बाजूकडून दुसरीकडे येतो आणि डोक्याला लागतो. वारा थोडा जरी वाढला असेल तरी नवख्यांनी असे वळण घेऊ नये. होडी वाऱ्याकडे फिरवत मोठा वळसा घालून तीच दिशा गाठावी. वेळ जास्त लागतो, पण डोके शाबूत राहते.

होडी उलटली तर पहिला नियम असा की होडी सोडून काठाकडे पोहत जायचे नाही. काठ दिसतो त्याहून दूर असतो आणि पांढऱ्या होडीपेक्षा एकटे डोके दिसायला अवघड असते. दोघांनी एकमेकांना हाक मारून खात्री करावी. शिडाचे ताणलेले दोर सोडावेत. मग एकाने पुढे जाऊन होडीचे तोंड वाऱ्याकडे धरावे आणि दुसऱ्याने सेंटरबोर्डवर चढून, होडीची कड पकडून, अंग मागे झोकावे. शीड पाण्यातून सुटेपर्यंत होडी हलत नाही असे वाटते आणि नंतर ती एकदम उभी राहते. हा सराव प्रत्येक जोडीने सफरीआधी काठाजवळ, सुरक्षा बोटीसमोर, निदान एकदा केलेला असावा. तो न केलेल्या जोडीला सफरीवर नेऊ नये.

ढग दाटू लागले तर डोलकाठी ही उघड्या पाण्यावरची सर्वांत उंच वस्तू असते हे ध्यानात ठेवावे. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत तीस सेकंदांहून कमी वेळ लागला, तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे. लगेच जवळचा काठ गाठावा आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास पाण्यावर जाऊ नये. विजेची पूर्वसूचना देणारे ‘दामिनी’ हे ॲप उपयोगी आहे, पण जलाशयावर सर्वत्र रेंज मिळेलच असे नाही. म्हणून काठावर एक माणूस फोन घेऊन बसलेला असावा.

जेवण आणि मुक्काम

होडीत ओले होऊनही चालेल असेच खावे: दशम्या, ठेचा, शेंगदाणे, गूळ आणि केळी. समुद्रावरच्या काही खलाशांमध्ये केळी नेणे अपशकुनी मानतात. रावेर-यावलच्या सभासदाने ती समजूत पाळावी अशी अपेक्षा कोणी करू नये. भरीत-भाकरीचा बेत काठावरच्या मंडळींकडे सोपवावा. पाणी प्रत्येकी तीन लिटर, आणि बाटल्या होडीला बांधलेल्या असाव्यात. मुक्काम करायचा असेल तर चांगदेवाच्या प्राचीन मंदिराचा परिसर तळासाठी वापरू नये. आधी ग्रामपंचायतीशी बोलून जागा ठरवावी. होड्या पाण्यापासून चांगल्या वर ओढाव्यात, शिडे उतरवावीत आणि डोलकाठीचे दोर आवळून बांधावेत. हिवाळ्यात हतनूरला स्थलांतरित पक्ष्यांचे थवे उतरतात. त्यांच्या उथळ भागाकडे होड्या वळवू नयेत.

समुद्रावर जायचे झाल्यास

जलाशयावर दोन हंगाम नीट पार पडल्यावर क्लबने मुंबई बंदरातील सफरीचा विचार करावा. तेथे होड्या नेण्याऐवजी अनुभवी चालकासह मोठी शिडाची नौका भाड्याने घेणे शहाणपणाचे. सागरी भरती-ओहोटी हा खान्देशी माणसाला पूर्णपणे नवा हिशेब असतो: दोन भरत्यांमध्ये साधारण बारा तास पंचवीस मिनिटांचे अंतर असते, पाणी काही मीटरने चढते-उतरते आणि उलट्या ओहोटीत हलक्या वाऱ्याची नौका जागच्या जागी राहते. त्यामुळे निघण्याची वेळ घड्याळापेक्षा भरतीच्या तक्त्यावरून ठरवावी लागते. व्हीएचएफ संचावर (नौकेवरच्या रेडिओवर) १६ क्रमांकाची वाहिनी चालू ठेवावी आणि तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक प्रत्येकाने लिहून घ्यावा. मोठ्या जहाजांच्या मार्गात रेंगाळू नये. शिडाला अग्रक्रम आहे असा युक्तिवाद तेथे चालत नाही. भुसावळ-जळगावचे परतीचे आरक्षण सफर संपण्याच्या रात्रीचे न करता दुसऱ्या दिवशी दुपारचे करावे, म्हणजे गाडी चुकेल या धास्तीने कोणी चालकाला घाई करणार नाही.